हॉल रिकामा ठेवण्याबद्दल

वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र असलेल्या शाळेच्या हॉलबद्दल कुणी म्हणतं, ‘मोठी मुलं धाकट्यांना ढकलतात, म्हणून हॉल मोकळा ठेवा आणि वयानुसार वेळा वाटून द्या’. हे म्हणणं अर्धंच पटलं. ढकलाढकली होते, कबूल. पण हॉल जितका मोकळा तितकी मोठी सुसाट धावतात आणि धाकटी भिंतीला चिकटतात. आणि वेळाच वाटायच्या तर मिश्र वयोगट हवेत कशाला?

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या माँटेसरी शाळेत (१९६०चं दशक) हर्मन हर्ट्झबर्गर या वास्तुकाराने हॉलच्या मधोमध विटांचा पक्का चौथरा बांधला. हलवता न येणारा, अगदी वाटेत! पण त्यामुळेच कुणी कडेला टेकतं, कुणी वर पसारा मांडतं. आतले लाकडी भाग ओढले की त्याचं मोठं स्टेज होतं. बालवाडीच्या हॉलमध्ये बरोबर उलटं: जमिनीत चौकोनी खड्डा, त्यात सुटे लाकडी ठोकळे. ठोकळे बाहेर काढले की बसायला स्टुलं, आणि खड्ड्यात गप्पांचा घोळका. असं काही करणार असाल तर कडेची उंची आधी ठरवा. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे पाय जमिनीला टेकायला साधारण ३० सेंमी पुरतात, बारा-तेराच्या मुलाला ४०च्या आसपास लागतात. म्हणजे एक पायरी जास्त, एवढंच.