मायनस साडेसहा, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) ४९० मायक्रॉन जाड: लेसिक करावं का?

प्रश्न: वय २४, नंबर दीड वर्ष स्थिर. चष्मा जड होतो. लेसरने नंबर काढणारं लेसिक करावं की कॉन्टॅक्ट लेन्सच बऱ्या?

उत्तर: आधी हिशेब मांडा. फ्लॅप (वरचा उचलायचा पापुद्रा) ११०, लेसरने एका नंबरामागे साधारण १५ जातात म्हणजे ९७. खाली उरतात २८३. किमान २५० लागतात, पण फ्लॅप धरून ४० टक्क्यांवर जाडी गेली की कॉर्निया पुढे फुगण्याचा धोका वाढतो; तुमची साधारण ४२ टक्के जाते. मी तरी नकोच म्हणेन. आयसीएलचं (डोळ्याच्या आत बसवायची लेन्स) विचारा, त्यात कॉर्निया पातळ होत नाही.

उत्तर: पेंटाकॅमआधी (कॉर्नियाची मापं घेणारी तपासणी) सॉफ्ट लेन्स निदान आठवडाभर बंद ठेवा, नाहीतर मापं चुकतात.

उत्तर: लेन्सच ठेवल्या तर डबीला नळाचं पाणी लावू नका, त्यात अकँथामिबा हा डोळ्याला संसर्ग करणारा सूक्ष्मजीव असू शकतो. जुनं सोल्यूशन ओतून द्या, वरून भर घालू नका. डोळा लाल झाला की लेन्स काढून त्याच दिवशी दाखवा.