मदत हवी आहे : इंजिन पूर्ण बांधून झालंय, पहिलं स्टार्ट कसं करू? (होडी अजून जमिनीवर)

नमस्कार मंडळी, हर्णैला आमचा ट्रॉलर आहे, इंजिन लेलँडचं सहा सिलिंडर, टर्बो नाही. गेल्या सीझनच्या शेवटी निळा धूर आणि ब्रीदरमधून नुसती भकाभका वाफ, तेल तर असं प्यायचं की डिझेलपेक्षा त्याचीच काळजी जास्त. म्हणून १ जूनला मासेमारीची बंदी लागली तशी होडी आंजर्ल्याच्या खाडीत वर ओढली आणि सगळं काम काढलं. क्रँक चिपळूणला ग्राइंड करून आणला, लायनर (पिस्टन ज्यात चालतो ती नळी), पिस्टन, रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, व्हॉल्व बसवून घेतले, डिझेलचा पंप आणि डिझेल फवारणारे नोझल टेस्टिंगला देऊन आणले. कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) तेवढा जुनाच ठेवला, चांगला होता.

आता गोची अशी की मिस्त्रीने बांधून दिलं आणि लावणीला गावी गेला, तिथे त्याची कंबर धरली, उठता येत नाहीये. फोनवर सांगतो, चालू कर आणि स्लोवर दोन तास सोडून दे, रिंगा आपोआप बसतात. यूट्यूबवर बघितलं तर एक जण सांगतो चालू झाल्या झाल्या दोन हजारावर रेस धर आणि वीस मिनिटं सोडूच नको. मामेभाऊ बोटीवर जातो (मोठ्या, परदेशी), तो म्हणे सिंथेटिक तेल घाल, महाग असतं पण चांगलं. आणि बाबा म्हणतात नारळ फोडा आणि सेल्फ मारा, आम्ही एवढी वर्षं काय केलं.

गटारीच्या उधाणाला होडी पाण्यात टाकायची आहे, म्हणजे हातात नऊ दिवस. ३१ जुलैला बंदी संपते, त्याच्या आत सगळं तयार पाहिजे, खलाशांना आगाऊ पैसे देऊन बसलोय. इंजिन बांधून महिना झाला, तसंच उभं आहे. तेल भरलंय, १५ डब्ल्यू ४०. सायलेन्सरचा पाइप केबिनच्या वर सरळ उभा आहे, त्यावर करवंटी घातली होती, ती परवाच्या वाऱ्यात उडाली, काल बघितलं आणि परत दुसरी बांधली. बाकी सगळं ठीक आहे. तर सुरुवात कुठून करू ते सांगा, आणि दोन तास खरे की वीस मिनिटं?

बंदरावरचा : मिस्त्रीला गाडी करून आण भावा, कंबर दुखली तरी तोंड चालतंय ना. खुर्चीवर बसव होडीत.

जुनाफिटर : थांब. सेल्फला हातसुद्धा लावू नकोस. सगळं ठीक आहे म्हणतोस आणि करवंटी उडाली ते मधेच सांगतोस, अरे खरी बातमी तीच आहे! दोन दिवस त्या पाइपात पाऊस पडलाय. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व उघडा राहिला असेल त्यात पाणी उतरलं असणार. पाणी दाबलं जात नाही, सेल्फ मारलास की कनेक्टिंग रॉड वाकेल आणि चिपळूणच्या फेऱ्या परत सुरू.

आधी मॅनिफोल्डपासून पाइप सोडून बघ. मग सहाही नोझल काढ आणि फ्लायव्हीलला पहार लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरव, दोन फेऱ्यांत सगळे पिस्टन दोनदा वरखाली होऊन सगळे व्हॉल्व एकदा उघडून मिटतात. कुठे अडकतंय का तेही तेव्हाच कळेल, जोर करू नकोस. चेंबरचा (खाली तेल साठतं त्याचा) नट ढिला करून तेल बघ, पाणी जड, आधी तेच येईल. करून सांग.

धागाकर्ता : दादा, पाया पडतो तुमच्या. सहा नंबरमधून चहाचा कप भरेल एवढं पाणी उडालं, बाबांच्या सदऱ्यावर. ते तेव्हापासून गप्प आहेत. चेंबरमधून पाणी नाही आलं पण तेल जरा दुधाळ वाटलं, सगळं काढून टाकलं. नोझलच्या भोकातून टॉर्चने बघितलं, पिस्टनच्या डोक्यावर थोडा तांबूस डाग, लायनर जेवढा दिसला तेवढा चकचकीत.

जुनाफिटर : वाचलास, आठवडा गेला असता तर हेड परत उघडावं लागलं असतं. हवेने फुंकून सुकव आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन तेल सोड, परत हाताने फिरव. जास्त नको, नाहीतर तेलानेच अडेल.

आता नवीन तेल, साधं मिनरलच, सिंथेटिक आत्ता नको, रिंगा बसायला थोडं घासलं जावं लागतं. फिल्टर तेलाने भरून लाव, रॉकरवर हाताने तेल ओत. महिनाभर उभं होतं म्हणजे बेअरिंगवरचं तेल उतरलेलं आहे, म्हणून नोझल बाहेर असतानाच स्टॉप ओढून (म्हणजे डिझेल बंद) सेल्फ मार, दहा-बारा सेकंद, मग मिनिटभर गप्प बस, परत. तेलाच्या प्रेशर गेजचा काटा उठेपर्यंत. नोझल नसल्यावर बॅटरीवर लोडही फारसा येत नाही. प्रेशर नाही आलं तर पुढे जायचंच नाही. मग नोझल बसव, टॅपेट (व्हॉल्वचा गॅप) परत बघ, डिझेलच्या फिल्टरपासून एअर काढ, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट ढिले करून.

दोन तास की वीस मिनिटं, दोन्ही नाही. वीस मिनिटांचं ते नवीन कॅम टाकलेल्या अमेरिकन पेट्रोल गाड्यांचं आहे, तुझा कॅम जुना. आणि दोन तास स्लो म्हणजे रिंगांचं वाटोळं. रिंगेच्या मागे गॅसचं प्रेशर गेलं की ती लायनरला दाबली जाते, होनिंगच्या (लायनरवर मुद्दाम मारलेल्या) बारीक रेघांची टोकं सुरुवातीच्या तासांतच झिजतात. स्लोवर प्रेशरच नाही, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग जन्मभर तेल पितं. मिस्त्री लोक चांगले असतात पण ही एक सवय काही जात नाही.

खाडीकाठ : जमिनीवर चालू करणार असाल तर सी वॉटर पंपाला (इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढतो तो) ड्रममधून पाणी द्या हो, कोरडा चालला की रबराचा इम्पेलर मिनिटात जळतो. ड्रम लगेच रिकामा होतो, विहिरीची मोटार लावून ड्रम भरता ठेवा. गिअर न्यूट्रल, होडीच्या पंख्याजवळ (प्रोपेलर) कोणी नको.

जुनाफिटर : बरोबर. जमिनीवर दहा मिनिटंच, प्रेशर आणि गळती बघायला, मग बंद. एअर फिल्टर काढून ठेव आणि एका माणसाच्या हातात जाड फळी दे, रेस आपोआप चढायला लागली तर हवा घेणाऱ्या तोंडावर दाबायची, हात लावायचा नाही.

पाण्यात गेल्यावर गरम होऊ दे आणि लगेच खाडीबाहेर घे. रेस निम्मी असते तेव्हा पंख्याचा लोड साधारण आठवा हिस्साच असतो, म्हणून खाडीत फुटफुट फिरून काही होत नाही. पाऊण रेसपर्यंत ने, अर्धा तास, कमी कर, परत चढव. एका रेसवर तास न् तास नको, फुल पण नको. २५ तासांनी तेल आणि फिल्टर बदल, टॅपेट परत बघ. हेडचे नट परत कसायचे की नाही ते गॅस्केट कुठलं त्यावर आहे, मिस्त्रीला विचार, तेवढं त्याला नक्की माहीत असेल.

धागाकर्ता : आज सकाळी केलं. तिसऱ्या सेल्फला काटा उठला. चालू झाल्यावर आधी पांढरा धूर, मग साफ. फळी बाबांनी धरली होती. एका नोझलच्या नटाला डिझेल पाझरत होतं ते आवळलं. आता उधाणाची वाट बघतोय. आणि पाइपावर करवंटीच्या जागी पत्र्याची झडप लावतो, कुठल्या मापाची बसेल?

बंदरावरचा : रत्नागिरीत ट्रॅक्टरची तयार मिळते. पाइप मोजून जा, आणि नारळ फोडायचा राहिला असेल तर तो पण फोड.