विषय: गावच्या लॅपटॉपवरचे कागद

मंडळी, नमस्कार.

बाबा दारव्ह्याकडच्या आमच्या गावी राहतात. दिवाळीत गेले तेव्हा सातबारे, फेरफार, पीककर्जाचे कागद, एफडीच्या पावत्या, आईचं आधार असं सगळं स्कॅन करून त्यांच्या लॅपटॉपवर टाकून आले. गेल्या महिन्यात तो बिघडला आणि आठ दिवस दुरुस्तीच्या दुकानात पडून होता. दुकानदाराने विंडोजचा पासवर्ड मागितला, बाबांनी देऊन टाकला. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. इतक्या दुरून, परदेशातून काय करू?

---

ताई,

बाबांना बोल लावू नका. पासवर्ड दिला नसता तरी, डिस्क एन्क्रिप्ट (म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशी) नसेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फायली दिसतातच. फोल्डर लपवून ठेवण्यानेही काही होत नाही.

आधी आईचं बघा. आधारच्या अधिकृत अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं. फक्त रेशन दुकानात किंवा बँकमित्राकडे अंगठा द्यायच्या वेळी ते थोडा वेळ उघडावं लागेल, हे घरी नीट समजावून सांगा. आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, हे गावात कोणाला माहीत नसतं?

फायलींसाठी मी आर्वीला भावाच्या मशीनवर आधी सेव्हन-झिप वापरलं. फायली एकत्र बांधून पासवर्ड लावणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. सेव्हन-झेड फॉरमॅट घेतला की एईएस-२५६ हे भक्कम एन्क्रिप्शन मिळतं. पण 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर खूण करायची मी विसरलो होतो. त्यामुळे आतलं उघडत नसलं तरी कोणत्या बँकेची पावती आहे ते नावावरून कळत होतं. शिवाय मूळ फोल्डर तसाच राहिला होता. तुम्ही तो पुसा आणि रिसायकल बिनमधूनही काढा.

बाबांना कागद वरचेवर लागत असतील तर व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर बरं. ते सगळं एका एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये ठेवतं. पासवर्ड टाकला की वेगळा ड्राइव्ह दिसतो, काम झालं की 'अनमाउंट' (जुन्या आवृत्तीत 'डिसमाउंट'), म्हणजे तो ड्राइव्ह बंद करायचा. पासवर्ड मोठा हवा, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, इंग्रजी अक्षरांत. तो विसरला तर कोणीच उघडून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून आईच्या पेटीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

---

दादा, खूप आभार. आधार कालच लॉक केलं. एक शंका आहे. बाबांच्या लॅपटॉपची बॅटरी गेलीय, तो थेट लाइटवर चालतो, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही. ड्राइव्ह उघडा असताना गेली तर?

---

ताई, लाइट गेली की ड्राइव्ह आपोआप बंद होतो, पासवर्डशिवाय परत उघडत नाही. भीती वेगळीच आहे. त्याच वेळी काही सेव्ह होत असेल तर फाइल बिघडू शकते. म्हणून त्या व्हेराक्रिप्टच्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवा. बॅटरी मात्र बदलाच. तुमच्याकडे शनिवारी सकाळी, म्हणजे गावी संध्याकाळ असेल तेव्हा, बाबांना फोनवर घ्या. मीही येतो, तिघं मिळून करू.