मदत हवी आहे : ऑफिसातल्या प्रश्नांना कसं सामोरं जावं?

नमस्कार मंडळी. मी कोकणी मुस्लिम, गाव रत्नागिरीकडे, वाढलो कुर्ल्यात, शाळा मराठी माध्यमाची. नव्या ऑफिसात डबा उघडला की प्रश्न सुरू होतात. "तुमच्यात चार बायका चालतात ना?" परवा एका सीनियर दादांनी विचारलं, "बाकीच्यांना मारा, असंच शिकवतात ना तुम्हाला?" माणूस वाईट नाही. आई आजारी होती तेव्हा माझी शिफ्ट त्यांनीच केली होती. म्हणून तर जास्त लागलं.

कुराणात दुसऱ्या सूरेच्या 256व्या आयतीत धर्मात जबरदस्ती नाही असं स्पष्ट म्हटलंय, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "मग बॉम्ब फोडणारे?" लोकलमध्ये स्फोट होतो तेव्हा त्याच डब्यात आम्हीही असतो, एवढंच बोललो आणि जेवणाची सुट्टी संपली.

2017 साली सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द केला, तेव्हा मला आनंदच झाला होता. तसं सांगितलं तर म्हणतात, "तू वेगळा आहेस रे." हे सगळ्यात जास्त टोचतं. माझी आई, मामा, मोहल्ल्यातली पोरं, कोणीच वेगळं नाही.

वाद जिंकायचा नाहीये. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद, शाहीर अमर शेख जितके माझे तितकेच त्यांचेही, हे पोचवायचंय. अशा वेळी तुम्ही काय बोलता? चारचौघांत उत्तर द्यावं की दादांना चहाला एकट्याला गाठावं? त्यांना वाचायला देण्यासारखं सोपं मराठी काही असेल तर प्लीज सुचवा. मुस्लिमेतर मित्रांनीही मोकळेपणाने लिहा, तुम्हाला कशाने पटलं असतं?