चांदरचं ब्रागांझा घर आईला दाखवावं का?

फोंडेकरीण:
आई साताऱ्याहून येतेय. देवळं, किनारे मागच्या खेपेलाच झाले. आता म्हणते, "जुनं घर दाखव, माणसं राहायची तसलं." गोव्यातल्या चांदर गावचं ब्रागांझा घर मनात आहे. पण तिचे गुडघे दुखतात, शिवाय तिथला पोर्तुगीज थाट तिला रुचेल का कोण जाणे. की केपें गावातला डीनचा (चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूचा) जुना वाडा बरा?

सासष्टीकार:
चांदरच. "राहायची" नव्हे, अजून राहतात! एकाच लांबलचक दर्शनी भिंतीमागे दोन घरं: पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा, पूर्वेला ब्रागांझा परेरा. दोन्हीकडे वेगवेगळी देणगी, तेव्हा सुटे ठेवा. दिवाणखाने वरच्या मजल्यावर आहेत, आईंना जिना सावकाश चढू द्या. पश्चिमेकडचं ग्रंथालय चुकवू नका. पोर्तुगीज राजवटीवर सडकून लिहिणारे पत्रकार लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांचं हे घर. पणजीतल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेला नाव आहे ते त्यांचंच. पूर्वेकडच्या घरगुती चॅपेलमध्ये (प्रार्थनाघरात) सेंट झेवियरचं नख जपून ठेवलंय.

म्हापशाची सून:
जेवणाच्या वेळी मात्र जाऊ नका हं. मी एका घरी (नाव नको) पावणेदोनला दार वाजवलं. बनियनवर आलेल्या आजोबांनी असं बघितलं की मीच "सॉरी" म्हणून परत फिरले. चूक माझीच, गोव्यात दुपारची झोप मोडायची नसते!
झुंबरं सगळेच बघतात. कुठल्याही जुन्या घरात शिंपल्यांची खिडकी दिसली तर आईंना तिथे उभं करा. काच महाग होती तेव्हा चपटे, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत सरकवून बसवायचे. ऊन आत येतं ते दुधाळ होऊन. माझ्या सासूबाई अजून त्या उजेडाबद्दलच बोलतात.

सासष्टीकार:
केपेंचा डीनचा वाडा १७८७चा. समोर चर्च, मागे कुशावती नदी, बाग सुरेख. आधी फोन केलात तर जेवणही मिळतं. पण एका दिवसात दोन्ही कोंबू नका, गुडघे आईंचे आहेत.

फोंडेकरीण:
ठरलं, शनिवारी सकाळी चांदर. आईला फोनवर सांगितलं तर तिचा एकच प्रश्न: त्या नखाला नमस्कार करायचा का?

सासष्टीकार:
करू देत की. सेंट झेवियर म्हणजे गोंयचो सायब (गोव्याचा साहेब), आमच्याकडे हिंदूही हात जोडतात. फक्त चपला काढायच्या का, ते घरच्यांना विचारा.