टाचणीची (चतुरासारख्या नाजूक कीटकाची) नवी जात जाहीर करायची तर डीएनए सक्तीचा असावा का?

काठावरचा:
माझ्या मते असावाच. सह्याद्रीतून चतुर-टाचण्यांच्या नव्या जाती अजूनही सापडतात, पण पुष्कळदा सगळं वर्णन नराच्या अंगावरचे पट्टे आणि शेपटीच्या टोकाची उपांगं यांवर उभं असतं. रंग तर वयानुसार बदलतो. शिवाय या कीटकाचं बरंचसं आयुष्य पाण्याखाली, निम्फ (पंख फुटण्याआधीचं पिल्लू) म्हणून जातं. ओढ्यातला कोवळा निम्फ बघून जात सांगणं महाकठीण. डीएनए जुळवला की तो कुठल्या प्रौढाचा ते कळतं. त्या तपासणीला कीटकाचा एक पाय पुरतो.

भिंगवाली:
सक्ती नको. उत्तर अमेरिकेतल्या एनालाग्मा टाचण्या बघा. हेगेनी आणि एब्रियम या जातींच्या नरांची उपांगं भिंगाखाली साफ वेगळी दिसतात. नर त्यांनीच मादीला मानेमागे पकडतो, आणि पकड जुळली नाही तर मादी त्याला नाकारते. दोन जातींमधली सीमा तिथेच आखली जाते. पण सीओआय बारकोड (जात ओळखायला वाचतात तो डीएनएचा छोटा तुकडा) लावा, दोघी एकच! कारण त्या फार अलीकडे वेगळ्या झाल्या. तुमच्या नियमाने डोळ्यांना दिसणारी जात कागदावरून पुसली गेली असती.

डबक्यातली अळी:
उलटं उदाहरणही आहे. आपल्या खेड्यांत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीज बाहेरून एकच डास दिसतो, पण त्यात ए ते ई अशा पाच जाती आहेत. त्यातली बी मलेरियाची फारच कमकुवत वाहक. सगळ्यांना एक धरलं तर फवारणी कुठे करायची हा हिशोबच चुकतो. इथे भिंग काय करणार?

भिंगवाली:
इथे भिंग हरतं, मान्य. पण ए आणि बी वेगळ्या आहेत हे १९८० मध्ये कळलं ते गुणसूत्रांवरच्या पट्ट्यांच्या उलटलेल्या क्रमावरून. एकाच ठिकाणी राहूनही त्यांची मिश्र संतती सापडत नव्हती. बारकोडची कल्पना मांडली गेली २००३ मध्ये! कुणाचा कुणाशी संकर होतो, हा खरा प्रश्न.

काठावरचा:
एनालाग्माचा मुद्दा पटला. सीओआय फक्त आईकडून येतं, त्यामुळे एकट्या त्याच्यावर निकाल नको. पेशीकेंद्रातली जनुकंही तपासावीत. पण नमुना तर ठेवा! फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या कीटकातून पुढे डीएनए काढणं फार अवघड जातं. निदान एक पाय अल्कोहोलमध्ये राखून ठेवण्याची सक्ती हवी, यावर मी ठाम आहे.

भिंगवाली:
त्याला माझी हरकत नाही. मग मादीचं वर्णन आणि निम्फच्या कातीचं चित्रही सक्तीचं करा. कितीतरी वर्णनांत मादीपुढे नुसतं 'अज्ञात' लिहिलेलं असतं.