पारोळा ते मालवण बाईकवर, समुद्राच्या कडेकडेने. प्लॅन बघून सांगा

पारोळेकर
राम राम मंडळी. कापूस घरात आला, संक्रांत झाली की आम्ही दोघं मित्र बाईकवर कोकण करायचा विचार करून राहिलो. माझी पल्सर १५०, मित्राची बुलेट ३५०. आजपर्यंत सापुतारा, तोरणमाळ, शिर्डी, फार तर अजिंठा घाट चढून संभाजीनगर एवढंच केलंय, समुद्र दोघांनीही धड बघितलेला नाही (मुंबईला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा चौपाटी लांबून दिसली, ती काय धरायची).

प्लॅन असा आहे की पहिल्या दिवशी पहाटे निघून धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा, पनवेल करत अलिबाग. दुसऱ्या दिवशी अलिबाग ते गणपतीपुळे समुद्राकाठच्या रस्त्याने. तिसऱ्या दिवशी गणपतीपुळे ते मालवण, जमलं तर पुढे वेंगुर्ला. मंग एक दिवस आराम आणि तिथून एका दिवसात घरी. मॅपवर अलिबाग ते गणपतीपुळे अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर दिसतं, आपण धुळे रोडला एवढं दुपारपर्यंत मारतो म्हणून टाकलं. बरोबर आहे का? आणि समृद्धीने गेलो तर पहिला दिवस लवकर आटपेल का? खाण्यापिण्याचं पण सांगा, मित्र माळकरी आहे, मी नाही.

तापीकाठ
काय भो, आधी समृद्धी विसर. दोन चाकीला तिथे परवानगीच नाही, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला पण नाही, अटल सेतूला पण नाही. तुला जुना नाशिक-मुंबई हायवेच धरायचाय. पारोळ्याहून अलिबाग साडेचारशेच्या आसपास पडेल, पहाटे चारला निघालात तर अंधार पडायच्या आत पोचाल, फक्त शिळफाटा ते पनवेल हा पट्टा दुपारी गाठा, संध्याकाळी तिथे ट्रकांच्या मागे क्लच दाबून दाबून डावा हात जातो.

पण मी म्हणतो कोकणच कशाला? आपल्या खान्देशाला सर्वात जवळचा समुद्र सुरतेकडचा, आपली तापीच दाखवते ना वाट. धुळ्याहून साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, सोनगढ, वाटेत उकाईचं पाणी, मग सुरत. तिथून समुद्राकाठ धरून खाली ये, नवसारीजवळ दांडी (१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची), वलसाडचं तिथल, तिथली वाळू काळी आहे, मग दमण, उंबरगाव, बोर्डी, डहाणू, केळवा. घोलवडला चिकूच्या वाड्या रस्त्याला लागूनच. परत येताना जव्हार, मोखाडा, त्र्यंबक करून नाशिक. चार दिवसात आरामात होतं. एकच सांगतो, दमणहून निघताना बॅगेत बाटली टाकू नका, बाहेर पडलं की लगेच गुजरात लागतं आणि तिथे दारूबंदी आहे.

बाणकोटची_लेक
माहेर दापोली तालुक्यातलं, सासर अमळनेर, म्हणून दोन्हीकडचं बोलते. पारोळेकर भाऊ, तुमचा दुसरा दिवस होणार नाही. म्हणजे होईल, पण काही न बघता, आणि कदाचित अर्ध्यातच एखाद्या जेट्टीवर रात्र काढाल.

कोकणात किलोमीटर मोजून चालत नाही हो. सह्याद्रीतून येणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते आणि किनाऱ्याचा रस्ता तिथे संपतो. अलिबाग ते गणपतीपुळे कडेकडेने गेलात तर अशा चार खाड्या बोटीने ओलांडायच्या. मुरूडच्या पुढे आगरदांडा ते दिघी, ही राजपुरीची खाडी. हरिहरेश्वरजवळ बागमांडला ते वेश्वी, ही सावित्री, म्हणजे आमची बाणकोटची खाडी. मग दाभोळ ते धोपावे, ही वाशिष्ठी. आणि गुहागरच्या खाली तवसाळ ते जयगड, ही शास्त्री. पूल बांधायचं चाललंय पण सध्या बोट धरूनच हिशोब करा. पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटंच लागतात, वेळ जातो तो बोट येईपर्यंत थांबण्यात. आणि शेवटची बोट चुकली तर मग बघा, दाभोळहून धोपाव्याची घरं समोर दिसत असतात पण रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराच्या वर वळसा. म्हणून जेट्टीवर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे शेवटची बोट किती वाजता ते विचारायचं, जाणार नसलात तरी, कारण दुसऱ्या दिवशीचा प्लॅन त्यावरच ठरतो.

अजून एक, बोटीत चढताना जो लोखंडी उतार टाकतात तो कायम ओला असतो, त्यावर शेवाळ, कधी सांडलेलं डिझेल. पहिल्या गियरमध्ये, दोन्ही पाय खाली सोडून, सरळ चढायचं, मध्येच पुढचा ब्रेक दाबला की हँडल गेलंच समजा. आत गेलं की गाडी गियरमध्ये ठेवा आणि धरून उभे राहा, सेल्फी नंतर.

तर माझं ऐकाल तर पहिला मुक्काम अलिबाग नको, गर्दी आणि महाग, थोडं पुढे काशीद किंवा मुरूड. तिथून जंजिरा सकाळी बघा. दुसरा मुक्काम दिवेआगर किंवा श्रीवर्धन, हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथांचं गाव. तिसरा हर्णै नाहीतर आंजर्ले, हर्णै बंदरावर माशांचा लिलाव बघण्यासारखा असतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. चौथा गुहागर किंवा गणपतीपुळे. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर, बस्स. मालवण यात बसत नाही, मला माहितीये तुम्हाला वाईट वाटेल.

माळकरी मित्राची काळजी नको. घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी किंवा सकाळी फोन करून सांगायचं, कुळथाचं पिठलं, घावणे, आंबोळी, सोलकढी, उकडीचे मोदक सगळं मिळेल. न सांगता दुपारी तीनला जाऊन बसलात तर चहा मिळेल फक्त. आणि ठेच्याची बाटली घरून घ्या, आमच्या ह्यांना पहिल्या वर्षी माझ्या माहेरचं जेवण देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं वाटायचं.

बुलेटवाला_धुळे
ताईंचं बरोबर आहे पण एवढं हळूहळू मला तरी नाही जमणार भो. ज्याला गाडी चालवायची त्याने पनवेलहून मुंबई-गोवा हायवे धरावा आणि जिथे आवडेल तिथे आत वळावं. बोटीच्या नादी लागलं की दिवस जातो.

बाणकोटची_लेक
हायवे समुद्रापासून कितीतरी आतून जातो दादा. महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, यातून समुद्र कुठे दिसतो सांगा. आणि आत वळायचं म्हणजे दर वेळी तासभर खाली उतरायचं, परत तेवढंच वर चढायचं. त्यांना समुद्र बघायचाय, ट्रकांच्या नंबर प्लेटा नाही.

नटबोल्ट
गॅरेजवाला आहे म्हणून गाडीचं बोलतो, बाकी फिरायचं तुम्ही बघा.

आपल्याकडे कोरडी हवा आणि सरळ रस्ता, तिकडे दमट हवा, खारा वारा आणि दर शंभर मीटरला वळण. निघायच्या आधी ब्रेक पॅड आणि मागचे लायनर बघून घ्या, अर्धे झाले असतील तर बदलाच. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची आपल्या लोकांना खोड आहे, ती तिकडे नको, दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर इंजिनने गाडी धरून उतरा, नाहीतर ब्रेक तापून लिव्हर सैल पडतो. वळणावर जांभ्या दगडाची बारीक खडी रस्त्यावर आलेली असते, लाल मातीसारखी दिसते आणि टायर त्यावरून घसरतो. तिथे गाडी तिरकी करण्याआधीच वेग कमी करायचा.

चेन रोज रात्री पुसून ल्यूब. आणि गाडी वाळूत न्यायची नाही, रीलमध्ये कितीही भारी दिसलं तरी. एक तर बऱ्याच बीचवर मनाई आहे, दुसरं म्हणजे ओल्या वाळूत साइड स्टँड हळूहळू आत जातो आणि बुलेट आडवी पडली की खारं पाणी वायरिंगमध्ये शिरतं. माझ्याकडे एक गाडी आलेली कोकण करून, वरून चकाचक, कपलर उघडला तर आत हिरवी बुरशी. घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने खालून धुवून काढा, मडगार्डच्या आतून, स्पोक असतील तर तेही.

पंक्चर किट, क्लच वायर, एक जादा ट्यूब (बुलेटला ट्यूब असेल तर). पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा, किनाऱ्याच्या रस्त्याला पंप आपल्या हायवेसारखे लागोपाठ नाहीत. रोख पैसे ठेवा, रेंज गेली की मोबाईलने पैसे जात नाहीत.

पारोळेकर
बापरे, चार बोटी आहेत हे मॅपमध्ये बारीक तुटक रेघ होती तिच्यावरून कळायला पाहिजे होतं, मला वाटलं पूलच असेल. ताई, मालवण सोडायला मन होत नाही हो, मित्राला सिंधुदुर्ग किल्ला बघायचाच आहे, शिवाजी महाराजांनी पाण्यात बांधलेला म्हणून त्याने दोन वर्षांपासून डोक्यात घेतलंय. आठवडाभराच्या वर घरून सोडणार नाहीत, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं. आणि परतीचं कोणीच बोललं नाही, मालवणहून एका दिवसात पारोळा येईल का?

तापीकाठ
नाही येणार. मालवण, कणकवली, घाट चढून कोल्हापूर हे दीडशेच्या वर, कोल्हापूर-पुणे दोनशे तीस, आणि पुण्याहून पुढे नगर, संभाजीनगर करून घर म्हणजे अजून साडेतीनशेच्या वर. दोन दिवस धर, मध्ये पुण्याच्या अलीकडे झोप, आणि वाघोलीचा ट्रॅफिक सकाळी सहाच्या आत पार कर. म्हणजे जायला एक, यायला दोन, तीन दिवस नुसते हायवेवर गेले. म्हणून तर सुरत म्हणत होतो, पण तुमचा महाराजांचा किल्ला असेल तर मग विषय संपला.

रेल्वेवाला_भुसावळ
मंग गाडी रेल्वेने न्या ना भो, तीन दिवस कशाला जाळता. भुसावळहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस थेट कोकण रेल्वेने रत्नागिरीला जाते. बाईक पार्सलने पाठवा, नाहीतर तुमचं त्याच गाडीचं तिकीट असेल तर लगेज म्हणून बुक करा. टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, गोणपाट गुंडाळून पॅकिंग, आरशे काढून ठेवा, आरसीची झेरॉक्स आणि ओळखपत्र. आधी दोन दिवस पार्सल ऑफिसात जाऊन विचारा की रत्नागिरीला बाईक उतरवून मिळेल का, आणि सोबतच जाईल की मागून, कारण पार्सलच्या डब्यात जागा नसली तर मागच्या गाडीने येते आणि तुम्ही तिकडे हेल्मेट हातात घेऊन बसता.

रत्नागिरीला उतरलं की आधी वर गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्याने जाऊन या, माझ्या मते सगळ्या किनाऱ्यात तोच तुकडा एक नंबर, डोंगरावरून रस्ता खाली उतरतो आणि एकदम दोन्ही पुळणी समोर. मग खाली पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. या भागात बहुतेक खाड्यांवर पूल झालेत, बोटीचा ताप नाही. परत रत्नागिरीला येऊन रेल्वे, किंवा येताना तेवढी हौस असेल तर आंबा घाटाने कोल्हापूर.

बाणकोटची_लेक
हे चांगलं सुचवलंत. माझं माहेर सुटतंय तुमच्या रस्त्यातून पण ठीक आहे 😄 फक्त शनिवार-रविवार मालवणला पोचू नका, पुण्या-मुंबईची आणि कोल्हापूरची सगळी गर्दी तिथेच असते, किल्ल्याच्या होडीला रांग लागते. आणि आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख बघून घ्या, ती देवीच्या कौलाने ठरते, दरवर्षी वेगळी, त्या दोन दिवसात मालवणच्या आसपास खोली मिळणार नाही. पुढे मागे आंजर्ल्याला जायचं झालं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, जवळच वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा.

पारोळेकर
जमी जाई ना मंग. सोमवारी भुसावळला जाऊन येतो पार्सल ऑफिसात. मित्राची बुलेट पण रेल्वेने की त्याने माझ्या मागे बसायचं यावर घरी चर्चा चालू आहे, तो मागे बसायला तयार नाही.

रेल्वेवाला_भुसावळ
दोन्ही न्या, एकाच्या मागे बसून घाटात भांडणं होतात. आणि बुलेटची आरसी त्याच्या वडिलांच्या नावावर असेल तर त्यांनाच सोबत घेऊन ये खिडकीवर, तिथे वाद घालण्यात अर्धा दिवस जातो.